सायरनांनी काय गायलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रस्त्यानं रुग्णवाहिका येते. तिचा सायरन ऐकला की आपण बाजूला होतो, वाट मोकळी करून देतो. ‘दूर व्हा’ असं सांगणारा तो आवाज आहे. गंमत अशी, की हे नाव ज्यांच्यावरून आलं त्या सायरनांचा आवाज याच्या नेमका उलट होता. तो ऐकला की माणूस दूर होत नसे, जवळ जाई. आणि जवळ गेलेला माणूस परत येत नसे.

शार्ल कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच संशोधकानं १८१९ साली भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीतून हवा सोडून आवाज काढणारं एक यंत्र केलं. ते पाण्याखालीही वाजत असे. म्हणून समुद्राकाठी गाणाऱ्या ग्रीक गायिकांचं नाव त्यानं यंत्राला दिलं. पुढं गिरणी, युद्ध, आगीचा बंब असा प्रवास करत ते नाव आपल्या मराठीतही येऊन बसलं. आज मला बोलायचंय ते त्या मूळच्या सायरनांविषयी.

सायरन म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं जलपरी येते. कमरेच्या वर देखणी बाई, खाली माशाची शेपटी, हातात कंगवा आणि आरसा. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांत तर जलपरीला शब्दच तो आहे. पण प्राचीन ग्रीकांना ही बाई ओळखू आली नसती. त्यांच्या सायरनला शेपटी नव्हती, पंख होते. त्यांच्या मातीच्या भांड्यांवर ती दिसते ती अशी : डोकं बाईचं, अंग पक्ष्याचं, पायांना नख्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी ४८० ते ४७० च्या सुमाराचा एक ग्रीक कुंभ आहे. त्यावर जहाज आहे, डोलकाठीला बांधलेला माणूस आहे, दोन बाजूंच्या कड्यांवर दोन सायरन बसल्यात आणि तिसरी डोकं खाली करून कोसळते आहे. माशाची शेपटी लेखी वर्णनात ठळकपणे येते ती पुष्कळ नंतर, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका लॅटिन ग्रंथात.

पंख कुठून आले, याचीही एक गोष्ट आहे. रोमन कवी ओव्हिड सांगतो, की या मुळात पर्सेफोनीच्या मैत्रिणी. तिच्याबरोबर फुलं वेचणाऱ्या साध्या मुली. पाताळाच्या राजानं पर्सेफोनीला पळवून नेलं, तेव्हा या तिला शोधत पृथ्वीभर फिरल्या. जमिनीवर ती सापडेना. मग समुद्रावरूनही शोधता यावं म्हणून त्यांनी पंख मागितले आणि देवांनी ते दिले. चेहरा आणि गळा मात्र माणसाचा ठेवला, कारण तो गळा वाया जाऊ नये, असं देवांना वाटलं. हरवलेल्या मैत्रिणीला शोधायला निघालेल्या मुली, हे त्यांचं मूळ रूप. अथेन्सच्या केरामेइकोस स्मशानातल्या थडग्यांवरही सायरनच्या मूर्ती असत, हातात वाद्य घेऊन मेलेल्या माणसासाठी शोक करणाऱ्या. म्हणजे ज्या आवाजाला खलाशी घाबरत, तोच आवाज आपल्या माणसाच्या थडग्यापाशी असावा, असंही ग्रीकांना वाटत होतं. हे ध्यानात ठेवू या. पुढं त्याच्याकडं परत यायचंय.

आता होमरकडं जाऊ. ‘ओडिसी’ हे सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं महाकाव्य. त्याची २४ पर्वं आणि १२ हजारांवर ओळी. त्यात सायरनांच्या वाट्याला बाराव्या पर्वातल्या जेमतेम साठ-सत्तर ओळी आल्यात. ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध संपलंय आणि ओडिसियस घरी निघालाय. वाटेत सर्सी ही जादूगारीण त्याला पुढच्या धोक्यांची कल्पना देते. पहिला धोका सायरनांचा. ती सांगते, त्या कुरणात बसलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती माणसांच्या हाडांचा ढीग असतो, हाडांवरची कातडी आक्रसत चाललेली. जो त्यांचं ऐकायला थांबला, त्याच्या घरी परतण्यानं त्याची बायको आणि लहान मुलं कधीच आनंदून जाणार नाहीत. बायको-मुलांचा हा उल्लेख सर्सी मुद्दाम करते.

ती माणसं मरतात कशी, हे होमर सांगत नाही. सायरन त्यांना खातात, फाडतात, बुडवतात, असं त्यात कुठंही नाही. त्या फक्त गातात. माझी समजूत अशी, की ऐकणारा उठतच नाही. भूक लागते, तहान लागते, पण गाणं संपल्यावर बघू म्हणतो. गाणं संपत नाही.

उपायही सर्सीच सांगते. खलाशांच्या कानात मेण भर. आणि तुला ऐकायचंच असेल, तर हातपाय डोलकाठीला बांधून घे. यात एक बारीक गोष्ट आहे. सर्सी म्हणाली होती, ‘तुला ऐकायचंच असेल तर’. ओडिसियस खलाशांना सांगताना म्हणतो, ‘मी एकट्यानंच ऐकावं असं तिनं सांगितलंय’. एवढ्याशा फरकात तो सगळा माणूस दिसतो.

पुढचं चित्र फार जिवंत आहे. बेट जवळ येतं आणि वारा एकदम पडतो. समुद्र निपचित होतो. खलाशी शीड उतरवतात आणि वल्ही हातात घेतात. ओडिसियस मेणाची मोठी ढेप तलवारीनं कापतो, तुकडे हातात मळतो, वर ऊन असतंच, मेण मऊ होतं. एकेकाच्या कानात तो ते भरतो. मग ते त्याला डोलकाठीला उभा बांधतात. हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर जहाज येतं आणि गाणं सुरू होतं.

आणि ते गाणं काय असतं? श्रोतेहो, आपण कल्पना करतो ती प्रेमाची, देहाची, ‘ये, जवळ ये’ असल्या आर्जवाची. आपल्याकडच्या मेनका-उर्वशी आठवतात. पण होमरच्या सायरन आपल्या रूपाविषयी एक अक्षर काढत नाहीत. त्या कशा दिसतात, हेसुद्धा होमर सांगत नाही. एमिली विल्सन यांचा ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला. जुन्या कित्येक अनुवादांत सायरनांच्या ‘ओठां’तून मधुर स्वर येतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा ‘तोंड’ असा आहे, याकडं त्यांनी लक्ष वेधलं. ओठ अनुवादकांनी दिले. भूल कुठली असणार, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

मूळ गाणं अवघ्या आठ ओळींचं आहे. त्याचा मतलब असा : सगळीकडं ज्याचं नाव गाजतंय असा तू ओडिसियस, ग्रीकांची शान, जहाज थांबव आणि आमचं ऐक. जो ऐकतो तो आनंदानं आणि शहाणा होऊन जातो. ट्रॉयला ग्रीकांनी आणि ट्रॉयवाल्यांनी काय काय सोसलं, ते सगळं आम्हाला ठाऊक आहे. पृथ्वीवर जे जे घडतं तेही आम्हाला ठाऊक आहे. बस्स. एवढंच. हे गाणंही नव्हे, गाण्याचं आमंत्रण आहे. खरं गाणं होमरनं आपल्याला ऐकवलेलंच नाही.

रोमन विचारवंत सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४५ मध्ये या आठ ओळींचा लॅटिन पद्यात अनुवाद केला आणि म्हटलं, की माणसं अडकत होती ती नुसत्या गोड गळ्यामुळं नव्हे, ज्ञानाच्या ओढीमुळं. बरोबरच आहे ते. पण मला वाटतं, सिसेरो त्या ओळींना थोडा जास्तच मान देतो. सायरन ओडिसियसला ताऱ्यांचं गणित शिकवायला बोलावत नाहीत. त्या त्याला नावानं हाक मारतात. अभ्यासकांनी दाखवून दिलंय, की ‘ग्रीकांची शान’ हे विशेषण ‘इलियड’मधलं, युद्धाच्या काव्यातलं आहे. दहा वर्षं जे केलं, ज्यामुळं नाव झालं, तेच त्या त्याला गाऊन दाखवणार आहेत. ये, तुझीच गोष्ट आम्ही तुझ्याहून चांगली सांगतो. यापेक्षा गोड आमिष कुठलं असेल?

ओडिसियसचं मन फिरतं. हात बांधलेले, म्हणून तो भुवयांनी खुणावतो, सोडा मला. खलाशी वल्ही मारतच राहतात. पेरिमेडीस आणि युरिलोकस हे दोघं उठतात आणि दोर आणखी आवळतात. आवाज मागं पडल्यावरच मेण निघतं, दोर सुटतो. यातले सगळे खलाशी घरी पोचण्याआधीच मेले. म्हणजे सायरनांचं गाणं काय होतं, याला साक्षीदार एकच, तो स्वतः ओडिसियस. आणि तो पट्टीचा थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे.

आता याच काव्यातला दुसरा एक प्रसंग सांगतो. ही गोष्ट ओडिसियस सांगतोय कुणाला? अल्किनूस राजाच्या दरबारात. सगळं गमावून, एकटाच, नाव न सांगता तो तिथं पोचलाय. दरबारात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक आहे. ओडिसियस आपल्या ताटातला मांसाचा चांगला तुकडा कापून त्याला मानानं पाठवतो आणि फर्माईश करतो : लाकडी घोड्याची गोष्ट गा. म्हणजे कुणाची? स्वतःची. ज्या युक्तीनं ट्रॉय पडलं आणि त्याचं नाव झालं, तीच.

डेमोडोकस गातो. घोडा, रात्र, पेटलेलं शहर, सगळं गातो. आणि फर्माईश करणारा तो वीर रडायला लागतो. होमर म्हणतो, तो कसा रडला? शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून बाई रडते तसा. मागून शत्रू तिच्या पाठीला भाले टोचताहेत, तिला गुलाम करून न्यायचंय, तशी ती बाई. श्रोतेहो, ही बाई कोण? ट्रॉयमध्ये अशा कितीतरी होत्या आणि त्यांना तसं करणारा हा ओडिसियसच. आपली फत्ते ऐकायला बसलेला माणूस आपणच उद्ध्वस्त केलेल्या बाईसारखा रडतो आहे. जगातल्या कवितेत याहून मोठी जागा मला फार सापडलेल्या नाहीत.

गोष्ट तीच आहे, ट्रॉयची. सायरनही तीच गाणार होत्या. फरक कुठं पडला? सायरनांच्या कुरणातून ऐकणारा उठत नाही. डेमोडोकसचं गाणं ऐकल्यावर ओडिसियसला विचारतात, तू कोण, कुठला? आणि तो आपलं नाव सांगतो. खरं गाणं आणि भुलीचं गाणं यांतला फरक मला इथं कळला. एक तुम्हाला बसवून ठेवतं, दुसरं तुमच्या तोंडून तुमचं नाव वदवतं.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणालो, तर तीही ओडिसियसची थाप होईल. म्हणून थोडं घरचं सांगतो.

माझी एक कविता आहे, अम्मीवरची. ती गेली त्या वर्षी लिहिलेली. अम्मी शिलाईचं काम करायची. कवितेच्या शेवटी मशिनवर एक ब्लाऊज अर्धवट राहिलेलं आहे, सुई कापडात रुतलेली आहे आणि शिवणारी उठून गेली आहे. कविता लोकांना आवडली. कुठल्याही कविसंमेलनात मी उभा राहिलो, की मागून आवाज येई, ‘ती म्हणा’. नवी काही वाचली, तर लोक सभ्यपणे ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, ‘ती म्हणा’. मुशायऱ्यात ‘मुकर्रर’ म्हणतात, आपल्या नाटकवाल्यांचा ‘वन्स मोअर’. मी म्हणत गेलो. वीसेक वर्षं म्हणत गेलो. सुरुवातीला शेवटच्या ओळीआधी माझा गळा दाटायचा. पुढं तो दाटेनासा झाला, तेव्हा मी तिथं थांबायला शिकलो. किती थांबलं की सभागृहात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता होते, हेही मला पाठ झालं.

एकदा एका तालुक्याच्या गावी बायको बरोबर होती. रात्री एसटीनं परत येताना ती म्हणाली, “अहो, एक विचारू? ते ब्लाऊज अर्धवट कुठं राहिलं होतं? अम्मींनी आदल्या रात्री बसून पुरं केलं होतं. हुकसुद्धा लावले. दुसऱ्या दिवशी मीच पोचवलं ते, पैसेही मीच आणले.”

मी म्हणालो, “काहीतरीच काय, मी स्वतः पाहिलंय.”

ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी गावातच नव्हता.”

खरं होतं ते. मी नव्हतो. ते अर्धं शिवण मी कवितेसाठी केलं होतं. कवीनं असं काही करू नये असं नाही, कवी तेच करतो. पण इतक्या वेळा ते म्हणून, इतक्या टाळ्या घेऊन, मला ते दिसायला लागलं होतं. मशीन, सुई, कापड, सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं. आणि त्यापायी खरी गोष्ट गेली होती. आजारी बाई, उद्याचा भरवसा नाही, तरी कुणाचं काम अडकू नये म्हणून रात्री बसून हुक लावते. ही माझी आई. तिला मी घालवून बसलो होतो आणि तिच्या जागी लोकांना आवडेल असं एक अर्धं ब्लाऊज ठेवलं होतं. एसटीच्या त्या अंधारात मला सर्सीनं सांगितलेली ती हाडं आठवली. कातडी आक्रसलेली माणसं. ती काही सगळीच मूर्ख नसतील. आपल्या गुणांची कुणीतरी कदर करतंय म्हणून बसलेली असतील.

म्हणून मला त्या खलाशांचं महत्त्व वाटतं. होर्कहायमर आणि अॅडोर्नो या जर्मन विचारवंतांनी १९४० च्या दशकात लिहिलेल्या पुस्तकात या प्रसंगावर मोठी चर्चा केली आहे. गाण्याचं सुख मालकाला आणि वल्ही नोकरांना, हा समाजातला भेद त्यांना इथं दिसला. तो आहेच. पण मला दुसरंही दिसतं. कुणीतरी कानात मेण घालून बसलेलं असतं, म्हणून जहाज पुढं जातं. आपल्या प्रसिद्धीचं संगीत ज्यांना ऐकूच येत नाही अशी माणसं घरात असतात. त्यांना तुमची टाळी माहीत नसते, पण ब्लाऊज कुणी पोचवलं ते माहीत असतं. आपण भुवया उडवून खुणावतो, सोडा मला. ती दोर आवळतात. त्या वेळी राग येतो.

सायरनांवर दुसरा एक उपायही ग्रीकांनी सांगून ठेवलाय. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अॅपोलोनियस या कवीनं ‘अर्गो’ जहाजाची कथा लिहिली. त्या जहाजावर ऑर्फियस होता. त्यानं मेण मागितलं नाही, दोर मागितला नाही. सायरनांचा आवाज येताच त्यानं आपलं वाद्य घेतलं आणि जोरात दुसरंच गाणं सुरू केलं. त्या आवाजात त्यांचा आवाज बुडून गेला. कवीला हा उपाय जवळचा वाटावा, हे साहजिक आहे. जुन्या गाण्यातून सुटायचं तर नवं गाणं हवं. पण अॅपोलोनियस खोटा दिलासा देत नाही. ऑर्फियस गात असतानाही ब्यूटीस नावाच्या एकानं समुद्रात उडी टाकलीच. देवी अॅफ्रोडाइटीला दया आली म्हणून तो वाचला.

पुढं सायरनांचं काय झालं? एका परंपरेनुसार, जहाज निसटलं म्हणून त्यांनी स्वतःच समुद्रात जीव दिला. त्यांतली पार्थेनोपी वाहत जाऊन इटलीच्या किनाऱ्याला लागली. तिथं तिची समाधी होती आणि तिच्या नावानं खेळ भरत, असं स्त्राबो हा भूगोलकार नोंदवतो. ते शहर म्हणजे आजचं नेपल्स. तिथल्या लोकांना आजही ‘पार्तेनोपेई’ म्हणतात. आपलं गाणं कुणी ऐकून पुढं गेला, तर गाणारीचाच जीव जावा, याचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. कदाचित टाळ्यांचंही तसंच असावं. आपण थांबलो नाही, की त्यांच्यात जीव उरत नाही.

आता ती कविता मी म्हणत नाही. फार आग्रह झाला तर आधी खरं काय घडलं ते सांगतो, मग म्हणतो. लोक थोडे नाराज होतात. त्यांना अर्धं ब्लाऊजच हवं असतं. हुक लावून पूर्ण झालेल्या ब्लाऊजची कविता मी नंतर लिहिली. ती पहिलीइतकी जमलेली नाही, हे मला कळतं. तिला ‘वन्स मोअर’ कधी मिळाला नाही.

पण सुरुवातीला मी थडग्यांवरच्या सायरनांविषयी बोललो होतो. हातात वाद्य घेऊन मेलेल्या माणसासाठी गाणाऱ्या. त्यांच्यासमोर टाळ्या वाजवणारं कुणी नसे. मैत्रीण हरवली म्हणून पंख मागणाऱ्या मुलींचा तो गळा आहे. तोच गळा कुरणात बसून तुमचं कौतुक करू शकतो आणि तोच थडग्याशी उभा राहून खरं रडू शकतो. माझ्या त्या दुसऱ्या कवितेशी मी एकटा असलो, की मला तो आवाज थोडासा ऐकू येतो. बायको स्वयंपाकघरात असते. तिला ऐकू येत नाही. येऊही नये.